मीटरवरचे अडतीस हजार

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आहे भाच्याचा फोन. ताईचा मुलगा डेट्रॉइटजवळ असतो हे घरच्यांना माहीतच आहे, इतरांसाठी सांगितलं. या पठ्ठ्याने २०२३ मध्ये डॉज चॅलेंजर घेतली. लांबलचक बोनेट, रुंद खांदे आणि चालू केली की शेजाऱ्याच्या खिडक्या थरथरतील असा आवाज. तिकडे अशा गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात शेवटची चॅलेंजर तयार झाली आणि जुन्या पद्धतीच्या पेट्रोल इंजिनाची ती गाडी बंद झाली. तेव्हापासून याने तिला गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं गॅरेजात ठेवलंय.

"मामा, नऊशे मैलच झालेत. चालवू की ठेवू? वीस वर्षांनी किंमत येईल ना?"

मी म्हटलं, "बाबा रे, मी इतिहास शिकवून रिटायर झालेला माणूस. गाड्यांतलं मला काय कळतंय?" पण फोन ठेवल्यावर प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण नेमका हाच प्रश्न गेल्या दिवाळीत लातूरला आमच्या घरात उभा राहिला होता. त्यावरून दोन भावांत चार दिवस अबोला होता. ती गोष्ट आज सांगतो. मध्ये थोडा इतिहास येणारच, सवय जात नाही :)

आधी एक शब्दाचा घोळ. अमेरिकेत 'मायलेज' म्हणजे गाडी किती मैल पळाली ते. आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरमागे किती जाते ते, आणि त्यालाही नांदेड-लातुरात म्हणतात 'ॲव्हरेज'. जी पळाली ती 'रनिंग'. कोणी गाडी घेतली की आपल्याकडे पहिला प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" आणि जुनी घेतली तर, "रनिंग किती झालं?" या दोन प्रश्नांवरच आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं नशीब ठरलं.

आमच्या नानांची (म्हणजे धाकट्या चुलत्यांची) गाडी होती काँटेसा. तरुण वाचकांनी नाव ऐकलं नसेल. हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९८४ पासून २००२ पर्यंत ती बनवली. मूळ गाडी विलायतेतली, व्हॉक्सहॉल कंपनीची. १९७२ ला आलेली ती व्हिक्टर तिकडे १९७८ ला बंद झाली आणि तिचे साचे आपल्याकडे आले. व्हॉक्सहॉल तेव्हा अमेरिकेच्या जनरल मोटर्सची कंपनी होती, म्हणून त्या गाडीचा चेहरामोहरा अमेरिकन. आजही जुन्या गाड्यांचे शौकीन काँटेसाला 'भारताची मसल कार' म्हणतात.

म्हणतात खरं, पण सुरुवातीला अंगात बळ काहीच नव्हतं. एवढ्या धिप्पाड गाडीत ॲम्बॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन बसवलेलं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं. म्हणजे पैलवानाच्या अंगात पोराचं काळीज. पुढे जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे ती पळायला लागली. नानांनी घेतली ती ही इसुझूवाली, १९८९ च्या पाडव्याला. एमएच-२४, एमएच-२६ हे नंबर त्याच वर्षी जुलैपासून नव्या कायद्याने आले. त्यामुळे आमच्या गाडीला जुना तीन अक्षरी नंबर. नानांना त्याचा कोण अभिमान!

नानांचं आडत दुकान. तूर, हरभरा, करडई, नंतर सोयाबीन. गंजगोलाईत ती पांढरी गाडी आली की हमाल बाजूला व्हायचे. पण १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली होती आणि माणसाला 'ॲव्हरेज'ची गोडी लागली होती. काँटेसा लिटरला नऊ-दहा द्यायची. "नाना, हत्ती पाळलाय तुम्ही," असं माझे वडील म्हणायचे. त्यावर नाना म्हणायचे, "हत्ती पाळला म्हणून मिरवणूक तर निघते."

या ॲव्हरेजपायीच काँटेसा संपल्या. लोकांनी कुठलं कुठलं डिझेल इंजिन बसवलं, गॅस बसवला, नाहीतर भंगारात घातल्या. त्याआधी राजदूत ३५० या मोटारसायकलचंही हेच झालं होतं. १९८३ ला आलेली ती दोन सिलिंडरची गाडी वाऱ्यासारखी पळायची आणि पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. काही वर्षांत बंद पडली. आज तीच राजदूत लोक शोधत फिरतात. गंमत बघा, ज्या दोषामुळे गाडी नकोशी झाली त्याच दोषामुळे ती दुर्मिळ झाली आणि दुर्मिळ झाली म्हणून हवीशी. इतिहासात असं पुष्कळदा होतं.

असो. नाना २०२२ ला गेले. गाडी त्याआधी नऊ वर्षं शेडमध्येच उभी होती, कारण २०१३ ला त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. महिन्यातून एकदा ते ती चालू करायचे, पंधरा मिनिटं तशीच ठेवायचे आणि बंद करायचे. गेल्या वर्षी चुलत भावाने ती विकायचं ठरवलं. त्याच्या मुलीचा मेडिकलला नंबर लागला होता. फी, हॉस्टेल, सगळंच. लातूरच्या आईबापांना हा हिशोब समजावून सांगायला नको.

हैदराबादहून एक शौकीन गिऱ्हाईक आलं. गाडी फिरून फिरून पाहिली. मग दार उघडून मीटर पाहिला. मीटरवर आकडा होता ३८,४१२.

त्या माणसाचे डोळे चमकले. "अडतीस हजारच चालली?"

भाऊ काही बोलला नाही. मीही बोललो नाही. खरी गोष्ट अशी, की त्या मीटरला आकड्याची घरं पाचच. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात. गाडी १९९७ ला एकदा शून्यावर आली, २००६ ला दुसऱ्यांदा. म्हणजे खरं रनिंग २,३८,४१२. मीटर कोणी मागे घेतला नव्हता, वायर काढली नव्हती. काच खोटं बोलत नव्हती. फक्त पूर्ण बोलत नव्हती.

गिऱ्हाईक आकडा सांगून गेलं. चांगला आकडा होता. ते गेल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, आपण काय खोटं बोललो का? त्यानं मीटर बघितला, त्यानं ठरवलं."

मी म्हटलं, "आणि नानांची वही?"

इथे वहीबद्दल सांगायला हवं. नाना आडत्या माणूस. लाल कापडी पुठ्ठ्याची वही हा त्यांचा देव. गाडीचीसुद्धा वही होती. तारीख, गाव, मीटरचा आकडा, पेट्रोल किती, सोबत कोण. दोनदा मीटर फिरला तेव्हा नानांनी पानावर मोठ्या अक्षरात 'लाख पूर्ण' लिहून त्याला हळदकुंकू लावलंय. वही दाखवली की अडतीसचे दोन लाख अडतीस होणार आणि किंमत पडणार. भाऊ म्हणाला, "वही घरची आहे. गाडीबरोबर कशाला द्यायची?" मी म्हटलं, "द्यायची नाही, पण दाखवायची तरी." शब्दाला शब्द वाढला. "तुझ्या लेकीची फी भरायची नाहीये ना, म्हणून सुचायलंय," असं तो म्हणाला. ते मला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच.

त्या चार दिवसांत मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे ती वही पहिल्यापासून वाचली. दुसरी म्हणजे रनिंगवर किंमत का ठरते हे जरा शोधलं.

आपल्या भागातल्या माणसाला हे खरं तर शिकवायची गरज नाही. लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे किंवा उदगीरकडे हाळी-हंडरगुळीच्या बाजारात लाल कंधारी नाहीतर देवणी बैल घेणारा आधी काय करतो? जबडा उघडून दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती. आठही दात आले की 'जुळला'. आणि एकदा जुळला की पुढचं वय नुसते दात मोजून कळत नाही. म्हणजे बैलाचा मीटरसुद्धा पाच घरांचाच! मग जाणता माणूस दातांची झीज बघतो, खूर बघतो, खांद्यावर जुवाचा घट्टा बघतो, चालवून बघतो. मोटारीलाही असा घट्टा असतो. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंग हाताने घासून चकाकतंय का, ड्रायव्हरच्या बाजूचं दार बिजागरीत खाली आलंय का, सीटची स्प्रिंग बसलीय का. अडतीस हजारांत पेडलचं रबर गुळगुळीत होत नसतं.

मग कमी पळालेल्या गाडीला जगभर एवढी किंमत का? कारण एकच, गाडी ओरिजिनल एकदाच असते. कारखान्यातला रंग, खडूच्या खुणा, पहिले टायर, पहिली काच. नंतर कितीही पैसे ओता, ते 'परत केलेलं' असतं. म्हणून न पळालेली गाडी म्हणजे एक प्रकारचा अस्सल दस्तऐवज. इतिहासाच्या माणसाला हे लगेच पटतं.

आपल्याच इतिहासात याचं एक टोकाचं उदाहरण आहे. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहावा निजाम महबूब अली याने रोल्स-रॉईसला एक गाडी सांगितली होती. पिवळी सिल्व्हर घोस्ट, आत मागे सिंहासनासारखी बैठक. गाडी यायच्या आधीच, १९११ ला तो वारला. गाडी सातव्या निजामाकडे आली आणि फक्त समारंभांना निघाली. तीस-पस्तीस वर्षांत ती पळाली जेमतेम ३५६ मैल, म्हणजे सुमारे ५७३ किलोमीटर. पुढे ती कित्येक वर्षं नुसती पडून राहिली, मग दुरुस्त झाली आणि आज हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये आहे. मी पाहिलीय. देखणी आहे, डोळे दिपतात. पण ३५६ मैल पळूनही तिला दुरुस्तीची गरज पडलीच, हेही लक्षात घ्या. उभी गाडी म्हातारी होत नाही हा गैरसमज आहे. रबराची सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर गंजतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, टायर एका बाजूने चपटे होतात आणि वायरिंग उंदीर खातात. नाना महिन्यातून एकदा गाडी उगीच चालू करत नव्हते.

आता अमेरिकेचं ऐका. (भाच्या, हा भाग तुझ्यासाठी.) १९७६ ला कॅडिलॅकने एल्डोराडो ही उघड्या टपाची गाडी 'अमेरिकेतली शेवटची' म्हणून विकली. लोकांनी घेऊन तशीच झाकून ठेवली. आठ वर्षांनी, १९८४ च्या मॉडेलमध्ये कंपनीने उघडा टप परत आणला! चिडलेले लोक कोर्टात गेले. १९७८ ला शेवरोलेने इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या नावाने खास काळी-चंदेरी कॉर्व्हेट काढली. लोक छापील किमतीच्या वर पैसे द्यायला तयार झाले आणि न चालवता ठेवून दिली. पण गाड्या होत्या ६,५०२. सगळ्यांनीच जपल्या, मग जपलेलीला भाव कुठून येणार? उलट १९८७ ची ब्युइक जीएनएक्स बनली फक्त ५४७. तिला मात्र भाव आला, आणि जितकी कमी पळालेली तितका जास्त.

म्हणजे नियम असा दिसतो, की कमी रनिंगने किंमत वाढते, पण गाडी मुळात थोडी हवी आणि इतरांनी जपलेली नसावी. सगळं गाव तूर साठवून बसलं की भाव काय होतो हे लातूरच्या माणसाला सांगायला नको!

आणि नियमाला अपवादही आहे. न्यूयॉर्कजवळच्या अर्व्ह गॉर्डन नावाच्या शिक्षकाने १९६६ ला व्होल्व्हो पी१८०० घेतली आणि चालवत राहिला. २०१३ ला तिने ३० लाख मैल पूर्ण केले. ती गाडी जगप्रसिद्ध झाली ती रनिंग जास्त म्हणून. आपल्याकडे पहिली मारुती ८०० मिळालेले हरपाल सिंग यांनीही गाडी आयुष्यभर वापरली. २०१० ला ते गेल्यावर ती दिल्लीत घराबाहेर गंजत उभी होती. शेवटी कंपनीने तिला पुन्हा उभं केलं. तिचं रनिंग कोणी विचारत नाही. डीआयए ६४७९ हा नंबर मात्र लोकांना पाठ आहे.

या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. त्यांचं पळणं लिहून ठेवलेलं होतं, किंवा निदान सगळ्यांना ठाऊक होतं. रनिंग कमी असो की जास्त, पुरावा असला तर त्याला किंमत. पुरावा नसेल तर अडतीस हजार हाही नुसता आकडा. पूर्वी आपल्याकडे मीटर मागे घेऊन देणारे कारागीर गावोगाव होते. त्यामुळे जुन्या गाडीचा मीटर कोणी फारसा खरा मानतच नाही. नव्या गाड्यांचं वेगळं आहे. त्यांत आकडा एकापेक्षा जास्त ठिकाणी साठतो, सर्व्हिसच्या नोंदी कॉम्प्युटरवर असतात. खोटेपणा अशक्य नाही, पण पकडता येतो. म्हणून मला वाटतं, भाच्याच्या पिढीतल्या गाड्यांना रनिंगचा हिशोब नानांच्या गाडीपेक्षा जास्त लागू होईल.

आपल्या कायद्याचंही सांगतो. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये फी, दहा वर्षं मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण मग ती रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. पहिल्या काँटेसाला पन्नास वर्षं होतील २०३४ ला, आमच्या गाडीला २०३९ ला. तोपर्यंत नोंदणी वाढवत राहायची, आणि वीस वर्षांवरच्या कारची ती फी २०२५ च्या ऑगस्टात पाच हजारांवरून दहा हजार झाली. सांभाळणं सोपं नाही, भावाचं चुकत होतं असं नाही.

आता वही. मी वाचत गेलो. 'नांदेड, गुरुद्वारा, आई सोबत.' 'माळेगाव, बैलजोडी बघितली, घेतली नाही.' 'सोलापूर, डॉक्टर.' ताईच्या लग्नात वरातीला ही गाडी होती, त्याचे १४ किलोमीटरसुद्धा लिहिलेत. (ताई, पेट्रोल तुझ्या सासरच्यांनी भरलं होतं, तेही लिहिलंय!) आणि मग १९९३ चं पान आलं.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा नांदेडला होतो, आम्हालाही हादरा बसला होता. नाना उजाडता उजाडता गाडी घेऊन औशाच्या रस्त्याने निघाले, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्यावर कधी शब्द काढला नाही. वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: 'किल्लारी ४ फेऱ्या. ५८,२०६ ते ५८,५५८. मागची सीट काढली.' दुसऱ्या दिवशी: 'किल्लारी २ फेऱ्या, सास्तूर. ५८,७८७.' 'सोबत कोण' या रकान्यात इतर सगळ्या पानांवर नावं आहेत. त्या दोन ओळींपुढे रकाना कोरा आहे.

मी आकडे वजा केले. दोन दिवसांत ५८१ किलोमीटर. निजामाची रोल्स-रॉईस पस्तीस वर्षांत जेवढी पळाली, त्याहून आठ जास्त.

मी ते पान भावापुढे ठेवलं. त्याने वाचलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सीट का नवी दिसते ते आत्ता कळलं. आई म्हणायची, कापड बदललं म्हणून."

गिऱ्हाईक पुढच्या रविवारी आलं. भावानेच वही त्याच्यासमोर ठेवली. तो माणूस तासभर वाचत बसला. मग हसून म्हणाला, "पेडलचं रबर बघूनच मला शंका आली होती. तुम्ही बोलता का, ते बघत होतो." रनिंग जास्त म्हणून त्याने तीस हजार कमी केले. पण पुढे म्हणाला, "ही वही गाडीसोबत द्या, तीस हजार परत धरा. गाडीचे असे कागद मी आजवर बघितले नाहीत."

म्हणजे बघा, ज्या वहीने किंमत पडेल म्हणून आम्ही चार दिवस भांडलो, तिचीच किंमत तीस हजार निघाली. मी भावाकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता देईल. दिली असती तरी मी काही बोललो नसतो, फी माझ्या लेकीची नव्हती.

भाऊ म्हणाला, "झेरॉक्स घ्या साहेब. वही नाही."

गाडी गेली. तीस हजार कमीच आले. ते त्याने कुठून उभे केले ते मला ठाऊक आहे, पण इथे लिहिलेलं त्याला आवडणार नाही.

तर भाच्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझी गाडी हजारो लोकांनी घेतलीय आणि त्यातल्या पुष्कळांनी तुझ्यासारखीच झाकून ठेवलीय. नुसत्या कमी मैलांवर पुढे भाव येईल याची खात्री मला वाटत नाही. कागद नीट ठेव, पार्ट मूळचेच ठेव आणि गाडी बाहेर काढ. पण एक वही कर. तारीख, गाव, आकडा, सोबत कोण. वीस वर्षांनी गाडी कोणीतरी विकत घेईल. वही मात्र आपल्याकडे राहू दे.